गो-अराउंड म्हणणाऱ्याचं ऐकायचं कोणी?

७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी कोझिकोडला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं आणि त्याचे तुकडे झाले. करोनात दुबईत अडकलेल्यांना घेऊन ते येत होतं. १९० पैकी २१ जण गेले, त्यात दोन्ही वैमानिक होते. कॅप्टन दीपक साठे नागपूरच्या घरातले. एनडीए, हवाई दलाची लढाऊ विमानं, नंतर हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक, असा माणूस. दोन दिवसांत महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरला. कॅप्टननी इंधन संपावं म्हणून तीन घिरट्या घातल्या, आग लागू दिली नाही, स्वतः गेले पण प्रवाशांना वाचवलं. खाली हात जोडल्याच्या खुणा.

सप्टेंबर २०२१ मध्ये अपघात तपास ब्युरोचा अहवाल आला, तो मात्र कुणी फॉरवर्ड केला नाही. अहवालात घिरट्यांची ती कथा नव्हती. पाऊस होता, पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर अर्ध्या मिनिटाच्या आत बंद पडला आणि त्यांनी विमान पुन्हा वर घेतलं. इथपर्यंत सगळं बरोबरच होतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी विरुद्ध बाजूची धावपट्टी निवडली. तिकडून वारा पाठीमागून येत होता आणि वायपरचा तर भरवसा नव्हता. दुसऱ्या विमानतळावर जाण्याइतकं इंधन टाकीत होतं. विमान टेकायला हवं तिथे टेकलं नाही, ओल्या धावपट्टीवर तरंगत पुढे गेलं आणि ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फुटांवर टेकलं. म्हणजे निम्मी धावपट्टी वायाच गेली होती.

त्या तरंगण्याच्या काही सेकंदांत शेजारी बसलेल्या को-पायलटने आधी ‘जस्ट चेक इट’ म्हटलं, मग नुसतं ‘कॅप्टन’ म्हटलं, आणि शेवटी जे म्हणायला हवं होतं ते म्हटलं: ‘गो-अराउंड’. उतरू नका, पुन्हा वर घ्या. नियमाप्रमाणे ही सूचना आली की विमान वर घेणं बंधनकारक असतं. ते घेतलं गेलं नाही.

साठे यांच्या कौशल्याबद्दल बोट दाखवायला मी हा लेख लिहीत नाही, तो माझा अधिकारही नाही. मला पटलेली गोष्ट उलटी आहे. अनाडी माणूस त्या खुर्चीपर्यंत पोचतच नाही. हवाई वाहतुकीत वारंवार अडचण झाली आहे ती उत्तम वैमानिकांची, आणि त्या क्षणी त्यांच्या शेजारी बहुतेक वेळा बरोबर बोलणारा कुणीतरी बसलेला होता. आपण मात्र अजूनही अपघातानंतर एक तर हुतात्मा शोधतो, नाहीतर गुन्हेगार. दोन्ही मिळाले की चौकशी संपली असं आपल्याला वाटतं. को-पायलट काय म्हणाला होता आणि त्याचं का ऐकलं गेलं नाही, हा प्रश्न दोन्ही गोष्टींत मावत नाही.

कोझिकोडच्या दहा वर्षं आधी, २२ मे २०१० ला, हेच घडून गेलं होतं. तीच कंपनी, त्याच जातीचं विमान, विमानही दुबईहूनच येणारं, आणि डोंगर कापून केलेली तशीच टेबलटॉप धावपट्टी. मंगळूरच्या त्या अपघातात १६६ पैकी फक्त आठ जण वाचले. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते पुण्याचे एअर मार्शल भूषण गोखले. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात काय सापडलं? प्रवासाचा दीड तासाहून जास्त भाग कॅप्टन झोपलेले होते, घोरण्याचा आवाज टेपवर आहे. उतरायच्या वेळी जागे झाले तेव्हा विमान हवं त्यापेक्षा खूप उंचावर होतं. झोपेतून उठलेल्या मेंदूला पुरतं भानावर यायला वेळ लागतो, तो वेळ त्यांना मिळाला नाही. को-पायलटने एकदा नव्हे, तीनदा गो-अराउंड सांगितलं. धावपट्टी उरलेली नाही, हेही सांगितलं. मंगळूरला उतरण्याचा अनुभव कॅप्टनपेक्षा या को-पायलटचा जास्त होता. विमान सुमारे ५,२०० फुटांवर टेकलं, ब्रेक लावले गेले, आणि मग कॅप्टननी ते पुन्हा उडवायचा प्रयत्न केला. तोवर उशीर झाला होता.

दहा वर्षांच्या अंतराने दोन को-पायलटांनी तेच दोन शब्द उच्चारले आणि दोन्ही वेळा ते हवेत विरले. मधल्या काळात अहवाल आला, शिफारशी आल्या, परिपत्रकं निघाली, प्रशिक्षणाचे वर्ग झाले. त्या वर्गांत बहुतेक भर असतो तो कनिष्ठाला बोलायला शिकवण्यावर. आवाज चढवा, आडवळणाने बोलू नका, ‘सर, जरा बघता का’ असं न म्हणता थेट सांगा. चांगलंच आहे. पण मंगळूरचा को-पायलट थेटच बोलला होता. बोलणाऱ्याला शिकवून झालं, ऐकणाऱ्याचं काय?

या सगळ्याचं मूळ प्रकरण सर्वांना माहीत असतं, तरी त्यातली एक बारीक गोष्ट नेहमी निसटते. २७ मार्च १९७७, स्पेनच्या तेनेरिफे बेटावरचा लोस रोदेओस विमानतळ. दाट धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. आजवरचा सर्वांत मोठा विमान अपघात. त्यातल्या एका जेटचे, म्हणजे केएलएम या डच कंपनीच्या विमानाचे, कॅप्टन याकोब फेल्डहाउझेन फान झान्टेन हे कंपनीच्या ७४७ विमानांचे प्रमुख प्रशिक्षक होते. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचाच चेहरा होता. शेजारी बसलेल्या को-पायलटला ७४७ चं प्रमाणपत्र थोड्याच काळापूर्वी त्यांनीच दिलं होतं. परवानगी मिळण्याआधी कॅप्टननी एकदा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, पुढे ढकलला तेव्हा या को-पायलटने त्यांना थांबवलं. दुसऱ्यांदा ढकलला तेव्हा त्याने थांबवलं नाही. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने मात्र विचारलं, की ते समोरचं पॅन ॲमचं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टननी ठामपणे सांगितलं, झालंय. काही सेकंदांत टक्कर झाली.

निसटणारी गोष्ट ही, की एकदा थांबवणारा माणूस दुसऱ्यांदा थांबवायला कचरला. ज्याने आपल्याला पास केलं त्याला एका मिनिटात दोनदा चूक ठरवायचं, हे कुठल्याही नोकरीत अवघडच असतं. आपल्याकडे तर विचारूच नका. आपल्याकडे पाटीवर नाव काय आणि खांद्यावर पट्टे किती हे बघून माणूस आवाजाची पट्टी ठरवतो. गोंदियाला किंवा बारामतीला उड्डाण शिकून, दोनशे तासांच्या जोरावर व्यावसायिक परवाना घेऊन आलेला पंचविशीतला मुलगा उजव्या खुर्चीत बसतो. डाव्या खुर्चीत दहा हजार तास उडवलेला, वडिलांच्या वयाचा माणूस. घरी कर्जाचे हप्ते चालू आहेत. त्याने ओरडून सांगावं ही अपेक्षा ठीक आहे. पण त्याने त्या शेवटच्या सेकंदांत कॅप्टनच्या हातातून विमान काढून घ्यावं, ही अपेक्षा मला फारशी प्रामाणिक वाटत नाही. कोझिकोडच्या अहवालात मात्र को-पायलटने ताबा घेतला नाही याचा कारणांमध्ये उल्लेख आहे. तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल. पण ज्याच्याकडे सगळ्यात कमी सत्ता, त्याच्यावर व्यवस्थेने सगळ्यात अवघड काम टाकलं आहे.

कॉकपिटमधल्या वागण्याचं प्रशिक्षण जगात सुरू झालं ते अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या अपघातानंतर. डिसेंबर १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान चाकांच्या बिघाडाचा विचार करत तासभर शहराभोवती फिरत राहिलं आणि इंधन संपून खाली आलं. इंधन कमी होतंय हे मागचा इंजिनिअर सांगत होता, कॅप्टनचं लक्ष चाकांवर होतं. पुढच्याच वर्षी नासाने यावर कार्यशाळा घेतली, १९८१ मध्ये युनायटेडने वैमानिकांसाठी वर्ग सुरू केले. त्याचं फळ १९८९ मध्ये दिसलं. डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेडच्याच डीसी-१० चं मधलं इंजिन फुटलं, तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या, म्हणजे विमान वळवायला काही उरलंच नाही. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांमध्ये बसलेल्या डेनिस फिच या प्रशिक्षक वैमानिकाला पुढे बोलावलं आणि सरळ थ्रॉटल त्याच्या हातात दिले. २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स नंतर सांगत, की कॉकपिटमध्ये आम्हा सगळ्यांचा मिळून १०३ वर्षांचा अनुभव होता आणि त्यातलं एक मिनिटही अशा प्रसंगाच्या सरावाचं नव्हतं. मग मला इतरांपेक्षा जास्त कळतं असं मी का समजावं?

हेन्स स्वभावाने विनम्र होते असं म्हणून हे सोडून देता येईल, पण मला ते पटत नाही. स्वभाव हा काही विमान कंपनीच्या भरवशाचा माल नाही. २००९ मध्ये हडसन नदीत विमान उतरवताना सलनबर्गर यांनी शेवटच्या क्षणांत को-पायलटला विचारलं, काही सुचतंय का? तो म्हणाला, नाही, खरं तर नाही. इतक्या घाईत हा प्रश्न तोंडातून निघतो तो स्वभाव चांगला आहे म्हणून नव्हे, हजार वेळा तसं विचारायची सवय लागली आहे म्हणून.

मनावर ताबा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ध्यान, श्वास, एकाग्रता येते. असल्या कार्यशाळा आता सगळीकडेच होतात, होऊ देत. वैमानिकाची मानसिक शिस्त मला मात्र फार रूक्ष ठिकाणी दिसते. जमिनीपासून हजार फुटांवर, किंवा आकाश स्वच्छ असेल तर पाचशे फुटांवर, विमान ठरलेल्या वेगात, ठरलेल्या उतारावर, चाकं-फ्लॅप सगळं लावून स्थिर असलं पाहिजे. नसेल तर वर घ्यायचं. कारण विचारायचं नाही, ‘जमेल’ म्हणायचं नाही. हा नियम कशासाठी? दमलेलं, घरची ओढ लागलेलं, दिवे समोर दिसत असलेलं मन त्या क्षणी नीट निर्णय घेणार नाही हे आधीच गृहीत धरलंय म्हणून. म्हणजे शांत डोक्याने सकाळी घेतलेला निर्णय रात्रीच्या आपल्यावर लादायचा. आपल्या मनावर इतका अविश्वास दाखवायला मोठा आत्मविश्वास लागतो, आणि हा नियम पाळणारे फार थोडे असतात. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनचा यावरचा आकडा प्रसिद्ध आहे: अस्थिरपणे उतरणाऱ्या विमानांपैकी जेमतेम तीन टक्के गो-अराउंड करतात. उरलेली सत्त्याण्णव टक्के उतरतात, आणि जवळजवळ सगळीच सुखरूप उतरतात. घोळ इथेच आहे. नियम मोडून दरवेळी काहीच बिघडत नसेल तर मोडणं हेच कौशल्य वाटायला लागतं.

यात आपण प्रवासीही आलो. मागच्या पावसाळ्यात दिल्लीहून मुंबईला येताना खालच्या झोपड्यांवरची निळी ताडपत्री दिसायला लागली होती, आणि इंजिनं एकदम गर्जली, पाठ खुर्चीला चिकटली, विमान पुन्हा ढगात. माझ्या मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, ‘शिकाऊ दिसतोय.’ कुणीतरी हसलं. वीसेक मिनिटांनी उतरलो तेव्हा दारातल्या मुलीला एका गृहस्थांनी चढ्या आवाजात विचारलं, की पहिल्यांदा का नाही उतरवलं, आमची पुढची गाडी चुकली त्याचं काय. ती बिचारी ‘सॉरी सर’ म्हणत होती. त्या विमानात त्या दिवशी सगळ्यात शहाणपणाचं जे काम झालं होतं, त्याबद्दल कंपनी माफी मागत होती.

आता दुसरी बाजू, आणि ती पोकळ नाही. एक म्हणजे गो-अराउंड हा स्वतः धोक्याचा डाव असू शकतो. मार्च २०१६ मध्ये रशियातल्या रोस्तोव्हला फ्लायदुबईचं विमान उतरणं सोडून वर घेतानाच कोसळलं आणि ६२ जण गेले. रात्री, ढगात, एकदम जोर लावल्यावर शरीर दिशाभूल करतं. तेव्हा ‘वर घ्या’ म्हणणं सोपं आहे, वर घेणं सरावाचं काम आहे. दुसरं म्हणजे सगळेच समान झाले की विमान कुणाच्या हातात आहे हेच कळेनासं होतं. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं ४४७ अटलांटिकवर गेलं तेव्हा कॅप्टन विश्रांतीला गेले होते. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बुजल्या, ऑटोपायलट सुटला, आणि स्टॉलची, म्हणजे पंखांचा हवेतला आधार सुटत असल्याची, सूचना वाजत असताना एकाने विमानाचं नाक वर ओढून धरलं. तो काय करतोय हे दुसऱ्याला बराच वेळ कळलं नाही. २२८ जण गेले. तिथे कमी पडला तो हाताने विमान उडवण्याचा सराव आणि कोण काय करतोय याची स्पष्टता. कुणी मोठेपणा मिरवत नव्हतं. म्हणून हुकूमत नको असं मी म्हणत नाही. विमानाचा अंतिम निर्णय कॅप्टनचाच, कायदाही तेच सांगतो आणि ते योग्यच आहे.

फक्त एक अपवाद त्यात कोरून ठेवायला हवा, आणि तो कागदावर तर आहेच. थांबवण्याचा अधिकार दोघांचा, पुढे जाण्याचा मात्र दोघांची संमती असेल तरच. सगळे वैमानिक दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा देतात. इंजिन बंद पाडतात, आग लावतात, धुकं आणतात. माझं म्हणणं असं, की त्याच परीक्षेत एकदा को-पायलटला सांगून ठेवावं: विमान व्यवस्थित चाललेलं असताना विनाकारण गो-अराउंड म्हण. कॅप्टनला माहीत नसावं. त्याने वर घेतलं तर पास. ‘का रे?’ असं विचारत उतरवलं तर नापास, मग उतरणं कितीही मऊ झालेलं असो. कनिष्ठाची हाक चुकीची असतानाही पाळायची, हे एकदा हाडात मुरलं की बरोबर असताना पाळायला त्रास होणार नाही. यात इंधन खर्च होईल, वेळ जाईल, क्वचित एखादा नवखा घाबरून ओरडेल. पण मंगळूरला १५८ जण गेले, त्यापुढे हे काहीच नाही.

परीक्षा वैमानिकाची घ्यायची आणि त्याला दमवायचं मात्र आपणच, हे चालणार नाही. कोझिकोडच्या अहवालात लिहिलंय की कॅप्टनला दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच पुढचं उड्डाण करायचं होतं आणि त्या तळावर कॅप्टन पुरेसे नेमलेले नव्हते. विमान दुसरीकडे वळवलं असतं तर वेळापत्रक कोलमडलं असतं. मधुमेहाची काही औषधं ते कंपनीच्या डॉक्टरांना न सांगता घेत असावेत आणि त्यांचा सूक्ष्म परिणाम झाला असावा, हीही शक्यता अहवाल मांडतो. ज्याचा परवाना वैद्यकीय तपासणीवर टांगलेला असतो तो आजार लपवतो, कारण सांगितलं तर पगार जातो. मनाच्या आजाराचं तर बोलायलाच नको. २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या को-पायलटने दीडशे जणांसह विमान मुद्दाम डोंगरावर आदळवलं, त्याने आपला आजार कंपनीपासून लपवला होता. युरोपने नंतर वैमानिकांसाठी सहकाऱ्यांशी मोकळं बोलायची व्यवस्था सक्तीची केली. खरं बोलल्याबद्दल उपाशी राहावं लागणार नाही, एवढी हमी असल्याशिवाय प्रामाणिकपणाची अपेक्षा फुकट आहे.

आणि झोप. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याच्या उड्डाणाला निघालेले एक कॅप्टन बोर्डिंग गेटपाशी कोसळून गेले. कारण थकवा होता असं कुणी सिद्ध केलेलं नाही आणि मीही तसं म्हणणार नाही, पण थकव्याची चर्चा देशभर पेटली ती तेव्हा. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने, नियम बदलले: आठवड्याची विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्रीच्या वेळेत उतरणं सहाऐवजी दोन. कंपन्यांनी मुदत मागितली, ती मिळाली. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम पूर्ण लागू झाले आणि डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण माणसं पुरेशी नव्हती. विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले, लग्नं चुकली, लोक रडले. सरकारने काय केलं? त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून काही आठवड्यांची सूट दिली. दोन वर्षं आधी कळलेल्या नियमासाठी माणसं नेमली नाहीत याचा भुर्दंड वैमानिकाच्या झोपेवर पडला. वैमानिकाने पाचशे फुटांवर ‘आज जमणार नाही’ म्हणायचं आणि नियामकाने मात्र दबाव आला की उतरवून टाकायचं, हा न्याय कुठला?

विमानातली यंत्रणा प्रत्येक उतरण्याची नोंद ठेवते: वेग, उंची, कुठे टेकलं, सगळं. पाचशे फुटांवर अस्थिर असूनही किती विमानं उतरवली गेली आणि किती वर घेतली गेली, हा आकडा प्रत्येक भारतीय कंपनीच्या संगणकात आजही पडून आहे. वैमानिकांची नावं न देता, कंपनीवार, दर तिमाहीला तो जाहीर करायला डीजीसीएला नवा कायदा लागणार नाही. उड्डाणं किती वेळेवर सुटली याची यादी दर महिन्याला निघतेच, त्यात आणखी एक रकाना. खासदार अधिवेशनात विमानतळाला कुणाचं नाव द्यायचं याबद्दल हिरिरीने बोलतात, त्यांच्यातल्या एखाद्याने हा प्रश्नही तारांकित करून विचारावा.